बुद्ध्यांक वाचताना

बुद्धिमापनाचा अहवाल हातात पडला की बहुतेक पालक आधी विचारतात, "कितीपैकी?" प्रश्न अगदी रास्त आहे. पहिलीपासून दहावीपर्यंत आपल्याकडे प्रत्येक गुणाखाली दुसरा आकडा असतो: वीसपैकी, ऐंशीपैकी, शंभरपैकी. त्यामुळे अहवालात ९२ दिसले की कुणाला डिस्टिंक्शन मिळाल्याचा आनंद होतो, तर कुणी उरलेले आठ गुण कुठे गेले ते शोधू लागते. बुद्ध्यांकाखाली मात्र असा कोणताच आकडा नसतो. त्यातले १०० म्हणजे पैकीच्या पैकी नव्हेत. त्या वयाच्या मुलांची सरासरी जिथे येते, त्या जागेला १०० म्हणायचे असे ठरवून घेतलेले आहे. ९२ म्हणजे त्या जागेच्या थोडे अलीकडे. त्याच वयाची शंभर मुले रांगेत उभी केली, तर ९२ वाल्या मुलाच्या मागे साधारण तीस आणि पुढे साधारण सत्तर मुले असतील. दहावीच्या ९२ टक्क्यांशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

एवढी एक गोष्ट कळली तरी घराघरांतली बरीच घालमेल थांबेल. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण हा आकडा आता फार दूरवर जातो. अध्ययन अक्षमतेचे निदान करताना तो लागतो, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लागतो, शाळेचा समुपदेशक तो मागतो, प्रज्ञावान मुलांच्या निवडीत तो असतो. आणि प्रवासात अहवालाची पाने मागे राहतात, एकटा आकडा पुढे जातो. आईला आठवतो तो आकडा, मुख्याध्यापकांच्या तोंडी येतो तो आकडा, आणि पुढे कधीतरी मुलाच्या कानावर पडतो तोही आकडाच.

हे पुस्तक पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि शाळांतून काम करणाऱ्या समुपदेशकांसाठी आहे. चाचणी कशी घ्यावी हे यात नाही. जी चाचणी होऊन गेली, तिचा निकाल वाचायचा कसा, एवढेच यात आहे. त्यामागचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते. बुद्ध्यांक हे तुलनेचे विधान आहे. तुलना कोणाशी, कोणत्या काळातल्या मुलांशी, कोणत्या भाषेत आणि चुकीला किती वाव धरून केली, हे कळल्याखेरीज तो आकडा वाचता येत नाही.

ज्या माणसाने पहिली उपयोगी चाचणी तयार केली, त्याला हे नीट ठाऊक होते. १९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने एक आयोग नेमला. साधारण वर्गात ज्या मुलांचा निभाव लागत नाही, ती ओळखायची कशी, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. शाळा सक्तीची झाली होती आणि सगळ्या थरांतली मुले वर्गात आली होती. कोणते मूल मागे आहे हे केवळ शिक्षकाच्या मतावर सोडले, तर दंगेखोर, अबोल, मळक्या कपड्यांतली मुले त्यात सहज ओढली जाणार हे उघड होते. आल्फ्रेड बिने त्या आयोगावर होता. आधी काही वर्षे त्याने मुलांच्या डोक्यांचे घेर मोजून पाहिले होते, आणि त्यातून हाती काही लागत नाही असे पाहून ते काम सोडून दिले होते. आपल्या दोन मुलींना लहानसहान कोडी घालून त्या विचार कसा करतात हेही त्याने बारकाईने टिपले होते. १९०५ मध्ये त्याने तेओदोर सिमोन या तरुण डॉक्टरबरोबर तीस कामांची एक मालिका तयार केली. पहिले काम पेटलेल्या काडीमागे नजर फिरवण्याचे, आणि शेवटचे जवळपास सारख्या वाटणाऱ्या दोन अमूर्त कल्पनांतला फरक सांगण्याचे. १९०८ च्या आवृत्तीत ही कामे वयानुसार लावली गेली, आणि 'हे मूल सात वर्षांच्या मुलाइतके करते' असे म्हणता येऊ लागले.

बिनेला मुलांच्या कपाळावर शिक्का मारायचा नव्हता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि वाढवता न येणारी गोष्ट आहे असे मानणाऱ्या विचारवंतांवर त्याने १९०९ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट शब्दांत टीका केली. मागे पडणाऱ्या मुलांच्या वर्गांसाठी त्याने अवधान वाढवणारे खेळ सुचवले. त्यात खूण झाली की पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहण्याचा एक खेळ होता, आणि मुलांना तो भारी आवडे. चाचणी हा त्याच्या लेखी मदतीचा पहिला टप्पा होता. १९११ मध्ये तो वारला आणि चाचणी दुसऱ्यांच्या हाती गेली.

त्यानंतर भागाकार आला. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागावे असे सुचवले. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लुईस टर्मनने बिनेच्या चाचणीची नवी आवृत्ती काढली आणि त्या भागाकाराला शंभराने गुणले. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा निघाले, तर बुद्ध्यांक ७५. गणित सोपे असल्याने ते झपाट्याने पसरले. पण प्रौढांच्या बाबतीत ते कोसळते. मानसिक वयाची वाढ पौगंडावस्थेच्या अखेरीस थांबते आणि प्रत्यक्ष वय मात्र वाढतच राहते. म्हणजे या हिशेबाने चाळिशीतला धडधाकट माणूस दरवर्षी मंद होत जाणार! न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम करणाऱ्या डेव्हिड वेक्सलरने १९३९ मध्ये हा भागाकार बाजूला ठेवला. माणसाची तुलना त्याच्याच वयोगटाशी करायची, सरासरीला १०० म्हणायचे आणि गुणांचा पसारा असा बसवायचा की प्रमाण विचलन १५ येईल. मग शंभरातले सुमारे ६८ जण ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात, सुमारे ९५ जण ७० ते १३० च्या दरम्यान, आणि ७० च्या खाली साधारण दोन. आज जगभर बुद्ध्यांक म्हटले की हेच गणित अभिप्रेत असते.

आपल्याकडे मात्र दोन्ही गणिते शेजारीशेजारी नांदतात. व्ही. व्ही. कामतांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी घडवली. त्यांचे 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हे इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये निघाले आणि १९६७ पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या झाल्या. 'बिने-कामत' आजही आपल्या दवाखान्यांत सर्रास वापरली जाते, आणि तिचा बुद्ध्यांक मानसिक वयाच्या भागाकारातूनच निघतो. नागपूरला आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी चाचणी बेतली. ती १९६९ ची. सहा ते जवळजवळ सोळा वर्षांच्या मुलांसाठी असलेली ही चाचणीही अजून रोज वापरात आहे. या दोघांविषयी मला मनापासून आदर आहे. परदेशी प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांपुढे टाकणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही. इथल्या भाषेत, इथल्या मुलांबरोबर बसून त्यांनी प्रश्न पारखले. पण म्हणूनच सांगावे लागते की बिने-कामतवरचे ८५ आणि वेक्सलरच्या नव्या आवृत्तीवरचे ८५ ही एकच गोष्ट नव्हे. ज्या अहवालात चाचणीचे नावच नाही, त्यातला आकडा वाचायच्या फंदात पडू नये.

चाचणीच्या खोलीत नेमके काय होते ते जरा जवळून पाहू. टेबलावर लाल-पांढऱ्या बाजूंचे ठोकळे असतात. चित्रातली नक्षी त्यांनी जुळवायची असते आणि बाजूला वेळ मोजला जात असतो. एक मुलगी आधी चित्र निरखते आणि मग भराभर ठोकळे फिरवते. दुसरी एक ठोकळा ठेवते, पुन्हा उचलते, कड जुळते का ते बोटाने चाचपते. तिचीही नक्षी बरोबर येते, पण वेळ संपल्यावर. तिला त्या नक्षीचे शून्य गुण मिळतात. आकड्यावरून तिला जमले नाही असे दिसते. समोर बसलेल्या मानसतज्ज्ञाने मात्र तिला जमताना पाहिलेले असते. ही नोंद अहवालात उतरली तर वर्गात तिला जादा वेळ देता येईल. उतरली नाही तर ती खोलीतच राहील. म्हणून अहवालातला निरीक्षणांचा परिच्छेद मी आकड्याच्या आधी वाचतो.

पुढे काय होते? प्रत्येक उपचाचणीचे मूळ गुण वयानुसार कोष्टकात पाहून बदलले जातात. वेक्सलरच्या चाचणीत ही कोष्टके चार-चार महिन्यांच्या वयोगटांची असतात. त्यामुळे जन्मतारीख महत्त्वाची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिण्याची जी आपली जुनी रीत होती, ती जिथे अजून शिल्लक आहे तिथे मुलाचे खरे वय विचारून घेतल्याशिवाय सगळी आकडेमोड व्यर्थ आहे. ही कोष्टके, म्हणजेच मानके, ज्या मुलांवरून बनवली, त्या मुलांशी आपल्या मुलाची तुलना चाललेली असते. वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीच्या पाचव्या अमेरिकी आवृत्तीत ती २२०० मुलांवरून काढली आहेत, प्रत्येक वयाची २००. मूल भारतातले आणि मानके अमेरिकेतली असतील, तर तुलना कोणाशी झाली हे वेगळे सांगायला नको.

मानके शिळीही होतात. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातले जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांचे गुण जवळपास १४ ने वाढले होते, म्हणजे दर दहा वर्षांना सुमारे तीन. १९८७ मध्ये त्यांनी चौदा देशांची आकडेवारी मांडली. वाढ सगळीकडे दिसली. माणसे दोन पिढ्यांत एवढी हुशार झाली असे नव्हे. शाळेतली वर्षे वाढली, पोषण सुधारले, घरे लहान कुटुंबांची झाली, आणि आकृत्या, वर्गीकरण, 'समजा असे झाले तर' अशा तऱ्हेचा विचार रोजच्या जगण्यात आला. यातून निघणारी गोष्ट आपल्या फार कामाची आहे. आजच्या मुलाला जुन्या मानकांनी मोजले तर त्याचा आकडा फुगतो. ऐकायला हे सुखावह वाटते, पण ज्या मुलाला मदतीची खरी गरज आहे, ते त्या फुगवट्याने रेषेच्या वर जाते आणि प्रमाणपत्रापासून, सवलतीपासून, विशेष शिक्षकापासून वंचित राहते.

त्या रेषेविषयी. कोणतीही चाचणी तंतोतंत नसते. उत्तम चाचणीची विश्वसनीयता ०.९५ च्या आसपास असते, आणि तेवढी असूनही ९२ या आकड्याचा खरा अर्थ 'बहुधा ८५ ते ९९ च्या दरम्यान कुठेतरी' असा होतो. या पट्ट्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेच्या न्यायालयात घडले. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला फाशी देता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. फ्लोरिडा राज्याने त्यासाठी ७० ही रेषा आखली. आकडा ७० च्या वर असेल तर बाकीचा पुरावा ऐकायचाच नाही. फ्रेडी ली हॉल या कैद्याची चाळीस वर्षांत नऊ वेळा तपासणी झाली होती आणि त्याचे गुण ६० ते ८० च्या दरम्यान फिरले होते. कमी असलेले दोन आकडे तांत्रिक कारणाने बाद झाले आणि उरलेल्यांत सर्वांत कमी होता ७१. एका गुणावर माणसाचा जीव टांगलेला! २०१४ मध्ये 'हॉल विरुद्ध फ्लोरिडा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही ताठर रेषा घटनाबाह्य ठरवली. मोजण्यातली त्रुटी धरलीच पाहिजे आणि माणूस प्रत्यक्ष जगतो कसा हेही पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदाही बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत दोन्ही गोष्टी मागतो: विचार करण्याच्या व शिकण्याच्या क्षमतेवरची मर्यादा आणि रोजच्या व्यवहारातली मर्यादा. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, दुकानातून सुटे पैसे मोजून आणते का, एसटीने एकटे जाते का, हे प्रश्न बुद्ध्यांकाला चिकटवलेली पुरवणी नव्हेत. निदानाचा अर्धा भाग त्यांच्यावर उभा आहे.

भाषेचा आणि जगण्याचा मुद्दा याहून अवघड आहे. १९३१-३२ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना भेटला. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांत वेगळे काय, असे त्याने विचारले. शाळेत गेलेला माणूस पटकन ओंडका काढतो, कारण बाकीची अवजारे आहेत. न शिकलेले शेतकरी म्हणाले, चारही लागतात, ओंडकाच नसेल तर करवत कशावर चालवायची? हे उत्तर अडाणीपणाचे म्हणता येईल का? मला तरी ते विचारपूर्वक दिलेले उत्तर वाटते. फक्त ते चाचणीला हवे असलेले उत्तर नव्हते. मेळघाटातल्या घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी परक्या माणसाने पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले, तर त्याच्या गप्प बसण्याचे गुण आपण कोणत्या रकान्यात लिहिणार? बिनशब्दांच्या, आकृत्यांच्या चाचण्यांनी ही अडचण कमी होते, पण संपत नाही. कागदावरच्या आकृत्या वाचणे हीसुद्धा शाळेने लावलेली सवय आहे.

ही काळजी न घेतल्याने काय झाले, याची नोंद इतिहासात आहे आणि ती वाचताना संताप येतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सुमारे १७ लाख जणांच्या सामूहिक चाचण्या झाल्या. निरक्षरांसाठीच्या आवृत्तीतल्या एका चित्रात टेनिसच्या मैदानावर जाळी नव्हती, आणि काय नाही ते ओळखायचे होते. नुकताच जहाजातून उतरलेला शेतमजूर ते कसे ओळखणार? त्या गुणांवरून अख्ख्या देशांच्या लोकांची प्रतवारी लावली गेली. व्हर्जिनियात कॅरी बक या तरुणीचे मानसिक वय नऊ ठरवले गेले, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने तिची सक्तीने नसबंदी झाली. तिच्या तान्ह्या मुलीलाही मंद ठरवले होते. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली आणि एका सत्रात गुणवंतांच्या यादीत तिचे नाव लागले. आठ वर्षांची असताना ती आजारपणात गेली.

म्हणून चाचण्या फेकून द्याव्यात असे मी म्हणत नाही. बुद्ध्यांक आणि शालेय गुण यांचा सहसंबंध साधारण ०.५ येतो. मानसशास्त्रात एवढा भक्कम संबंध क्वचितच मिळतो. पण याचाच दुसरा अर्थ असा की शालेय यशातल्या फरकांपैकी सुमारे चतुर्थांश भागच बुद्ध्यांकाशी जुळतो. बाकीच्यात चिकाटी आहे, शिक्षक आहे, घरातली शांतता आहे, तब्येत आहे. आणि बिनेने ज्या हेतूने चाचणी केली तो हेतू आजही तितकाच खरा आहे. 'आळशी', 'ढ', 'लक्षच देत नाही' असे वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या मुलाची चाचणी होते, तर्काचे गुण सरासरीच्या पुढचे निघतात आणि अडचण वाचनात आहे हे दिसते. तेव्हा त्या घरात काय घडते ते ज्यांनी पाहिले आहे, ते चाचणीला नावे ठेवणार नाहीत.

अशा मुलांच्या बाबतीतच एकूण आकडा सर्वांत जास्त फसवतो. भाषिक तर्क ११८ आणि कामाचा वेग ८२ असेल तर एकूण बुद्ध्यांक शंभराच्या आसपास येईल. तो पाहून शाळा म्हणेल, मूल तर साधारण आहे. प्रत्यक्षात त्या मुलात साधारण असे काहीच नाही. वर्गातली चर्चा त्याला संथ वाटते आणि फळ्यावरचे उतरवून घेताना तेच मूल सर्वांच्या मागे राहते. इथे एकूण आकडा न लिहिता घटकांचे गुण वेगवेगळे मांडणे हेच प्रामाणिक वाचन. पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण याच विषयाचे आहे, आणि पालकांनी हवे तर तेच आधी वाचावे.

तयारी आणि फेरतपासणी यांविषयी पालक हमखास विचारतात. चाचणीचे प्रश्न कुठून तरी मिळवून मुलाकडून घोटून घेऊ नयेत. त्याने आकडा वाढेल, पण त्याची कोष्टकातल्या मुलांशी असलेली तुलना मोडेल, कारण ती मुले प्रश्न प्रथमच पाहत होती. मुलाची झोप झालेली असावी, पोट भरलेले असावे, चष्मा असेल तर तो लावलेला असावा, आणि ऐकण्याची शंका असेल तर कान आधी तपासलेले असावेत. ताप असेल तर तारीख बदलून घ्यावी. तीच चाचणी लगेच पुन्हा घेतली तर सरावाने गुण वाढतात, ठोकळ्यांसारख्या कामांत विशेषच, म्हणून निदान वर्षभराचे अंतर ठेवतात. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांचे आकडे बरेच हलतात. त्या वयातल्या निकालावर कायमचे काही ठरवू नये. आणि अहवालाची पूर्ण प्रत मागून घ्यावी: चाचणीचे नाव, मानकांचे साल, कोणत्या भाषेत घेतली, घटकांचे वेगवेगळे गुण, त्रुटीचा पट्टा आणि निरीक्षणे, असे सगळे असलेली. दोन-तीन वर्षांनी मुलाची पुन्हा तपासणी झाली, तर तेव्हाच्या मानसतज्ज्ञाला नुसता आकडा काही सांगू शकणार नाही. त्याला ही पानेच लागतील.